पीसीओएस, झोप आणि इन्शुलिन: घोरण्याचा पाळीशी काय संबंध?

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) निघाला की दवाखान्यातले प्रश्न ठरलेले असतात, शेवटची पाळी कधी आली, वजन कधीपासून वाढायला लागलं, हनुवटीवर केस येतात का, घरात कुणाला शुगर आहे का. "रात्री घोरतेस का गं?" आणि "सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतं का?" हे दोन प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातात. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला हे प्रश्न पहिल्यांदा विचारले गेले ते पीसीओएस कळल्यावर तब्बल सहा वर्षांनी, आणि तेही पाळीच्या डॉक्टरांनी नाही, पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी तपासायला आलेल्या भूलतज्ज्ञांनी. ती तेव्हा तीस वर्षांची. म्हणाली, घोरते थोडी, आणि थकवा तर काय कायमचाच, आळशीच आहे मी. डॉक्टर म्हणाले आळस वगैरे राहू दे, हे सगळं उरकलं की झोपेची तपासणी करून घे एकदा. केली, तर तासाला २१ वेळा तिचा श्वास अडत होता. रात्रभर. आणि तिला स्वतःला त्यातलं एकही आठवत नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आणि जे समजलं ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते, कारण पीसीओएसवर बोलताना पाळी, पिंपल्स, वजन, मूल होणं यावर सगळे बोलतात पण झोपेचं कुणी काढत नाही, आणि माझ्या मते तिथेच बऱ्याच जणींची गाडी अडलेली असते.

आधी पीसीओएस म्हणजे काय ते नीट बघू, कारण नावातच घोळ आहे. पॉलिसिस्टिक म्हटलं की वाटतं अंडाशयात खूप गाठी झाल्यात. त्या गाठी नसतात. सोनोग्राफीत जे काळे ठिपके माळेसारखे कडेने दिसतात ते फॉलिकल असतात, २ ते ९ मिलिमीटरच्या छोट्या पाण्याच्या पिशव्या, प्रत्येकीत एक अर्धवट वाढलेलं बीज. एरवी दर महिन्याला त्यातली एक पिशवी पुढे जाऊन मोठी होते, फुटते, बीज बाहेर येतं. पीसीओएसमध्ये बऱ्याच पिशव्या वाढायला लागतात आणि मधेच थांबतात, बीज बाहेर पडतच नाही किंवा कधीतरीच पडतं, म्हणून पाळी लांबते. १९३५ साली शिकागोच्या इरव्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांवरचा लेख लिहिला, पाळी न येणं, अंगावर जास्त केस, मोठी झालेली अंडाशयं, आणि तिथून हे अंडाशयाचं दुखणं आहे असं जे डोक्यात बसलं ते बसलंच.

आता निदान कसं करतात तर २००३ साली रॉटरडॅमला ठरलेला नियम वापरतात, तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. एक, पाळी अनियमित. दोन, अँड्रोजन म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ते जास्त, रक्तात किंवा चेहऱ्यावरच्या केसांच्या रूपात. तीन, सोनोग्राफीत तसं अंडाशय. (आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरं कारण नाही ना हे आधी बघायचं.) म्हणजे पहिल्या दोन गोष्टी असतील तर सोनोग्राफी अगदी नॉर्मल असूनही पीसीओएस असू शकतो, आणि नुसतं सोनोग्राफीत दिसलं म्हणून पीसीओएस होत नाही! पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत तर निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय, कारण त्या वयात तसं अंडाशय कितीतरी जणींचं दिसतं. त्याच गाइडलाइनप्रमाणे शंभरातल्या १० ते १३ बायकांना हा त्रास असतो. इतकं कॉमन आहे हे.

मग मेख कुठे आहे? इन्शुलिनमध्ये. गंमत म्हणजे याचा सुगावा फार जुना आहे, १९२१ मध्येच आशार आणि तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी "दाढीवाल्या बायकांचा मधुमेह" असं वर्णन केलं होतं, पण धागा नीट जुळला तो १९८० मध्ये, जेव्हा पीसीओएस असलेल्या बायकांच्या रक्तात इन्शुलिन जितकं जास्त तितकं अँड्रोजनही जास्त असं मोजून दाखवलं गेलं. पुढे १९८९ मध्ये अँड्रिया डुनाइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पीसीओएसमध्ये इन्शुलिनला शरीर दाद देत नाही, आणि हे सडपातळ बायकांमध्येही होतं, नुसत्या वजनामुळे नाही.

हे दाद न देणं म्हणजे काय ते सांगते. इन्शुलिनचं काम रक्तातली साखर पेशींच्या आत पोचवणं. समजा दारावर टकटक करणारा माणूस. स्नायूंच्या पेशींनी टकटक ऐकून दार उघडायचं असतं, पण त्यांना ऐकू कमी यायला लागतं, मग स्वादुपिंड काय करतं, आणखी माणसं पाठवतं, आणखी जोरात टकटक. साखर कशीबशी आत जाते, रिपोर्ट नॉर्मल येतो, पण रक्तात इन्शुलिनचा पूर आलेला असतो. आता बघा, स्नायू बहिरे झाले तरी अंडाशय बहिरं होत नाही! त्याला तो सगळा गोंगाट नीट ऐकू येतो आणि ते इन्शुलिनच्या सांगण्यावरून जास्त अँड्रोजन बनवत बसतं. भरीला लिव्हर. टेस्टोस्टेरॉनला (हे अँड्रोजनांपैकीच एक) बांधून ठेवणारं एक प्रोटीन लिव्हरमध्ये बनतं, एसएचबीजी म्हणतात त्याला, इन्शुलिन वाढलं की ते कमी बनतं, म्हणजे जे टेस्टोस्टेरॉन आहे त्यातलंही मोकळं फिरणारं वाढतं. म्हणून पिंपल्स, म्हणून केस, म्हणून फॉलिकल मधेच थांबणं. मानेवर मागे जी काळपट मखमली कातडी दिसते आणि जी मुली घासून घासून लाल करतात ती मळ नसते हो, ती याच जास्तीच्या इन्शुलिनची खूण असते. कृपया घासू नका.

इथपर्यंत बऱ्याच जणींना माहीत असतं. आता झोप.

१९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोग झाला, अकरा धडधाकट तरुण मुलगे, सहा रात्री त्यांना फक्त चार तास अंथरुणात राहू दिलं. नंतर भरपूर झोपू दिल्यावर जे आकडे आले त्यांच्या तुलनेत, झोप तोडलेली असताना त्यांच्या रक्तातली साखर हटायचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. सहा रात्रींत. पण मला त्याहून जास्त थरारक वाटतो तो तिथलाच २००८ चा प्रयोग, एस्रा तासाली यांच्या टीमने केलेला. नऊ निरोगी, सडपातळ तरुण मंडळी. त्यांना पूर्ण वेळ झोपू दिलं, तास कमी केलेच नाहीत. फक्त पलंगाजवळ स्पीकर ठेवले आणि मेंदूच्या आलेखात गाढ झोपेच्या संथ लाटा दिसायला लागल्या की हळूच एक आवाज सोडायचा, जाग येईल इतका मोठा नाही, गाढ झोपेतून हलक्या झोपेत आणेल इतकाच. लाटा परत आल्या की परत आवाज. तीन रात्री असं केलं. सकाळी उठून विचाराल तर झोप झालेली, तास पूर्ण, पण इन्शुलिनची परिणामकारकता सुमारे २५ टक्क्यांनी घसरलेली. तीन रात्रींत, एक ग्रॅमही वजन न वाढवता, म्हणजे नुसते झोपेचे तास मोजून उपयोग नाही, आत गाढ झोप होते का नाही यावर दुसऱ्या दिवशीची साखर ठरते.

आता विचार करा, स्पीकर नाही, प्रयोग नाही, पण कुणाच्या तरी गळ्यातच असं काहीतरी आहे जे दर तीन मिनिटांनी गाढ झोपेतून वर ओढतंय, आणि तीन रात्री नाही, वर्षानुवर्षं. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात.

होतं काय तर झोपेत सगळे स्नायू सैल पडतात, घशाचेही. जीभ मागे सरकते, हवेची वाट अरुंद होते, हवा घासत जाते तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पुरतीच मिटली की घोरणं एकदम थांबतं. शांत. छाती हलत असते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो, मेंदू घाबरतो, अॅड्रेनालिनसारखे हार्मोन सोडायला लावतो, एक धक्का, एक मोठा घोरका श्वास, वाट उघडते, आणि माणूस परत झोपतो. जाग पूर्ण येतच नाही म्हणून आठवत नाही. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीने मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला होता, त्यात ती शांतता ऐकताना आपलाच श्वास अडकतो, आपण मनात मोजायला लागतो, आठ, नऊ, दहा, अकरा... श्वास किमान दहा सेकंद अडला तर तो एक झटका धरतात, श्वास नुसता उथळ होऊन ऑक्सिजन उतरला तर तोही धरतात. तासाला ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. आणि दर झटक्याला जे अॅड्रेनालिन सुटतं ते लिव्हरला सांगतं साखर सोड, संकट आलंय. रात्रभर संकट!

पीसीओएस आणि हे, यांची गाठ पहिल्यांदा ठळकपणे दिसली २००१ मध्ये. त्या वर्षीच्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या ५३ बायका आणि तुलनेला ४५२ बायका घेतल्या, तर पीसीओएसवाल्यांमध्ये झोपेतल्या श्वासाच्या त्रासाची शक्यता ३० पट निघाली आणि दिवसा पेंग येण्याची ९ पट. ३० पट हा आकडा जसाच्या तसा धरून बसू नका, नंतरच्या अभ्यासांत तो बराच खाली आला, पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कुणाला अॅप्निया असेल याचा अंदाज वजनावरून किंवा टेस्टोस्टेरॉनवरून जितका येत होता त्यापेक्षा जास्त इन्शुलिनवरून येत होता. पुढे २०१८ मध्ये वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर पीसीओएस असलेल्या साधारण ३५ टक्के बायकांमध्ये अॅप्निया सापडला. यातल्या बऱ्याच जणी लठ्ठपणा असलेल्या आणि मोठ्या हॉस्पिटलांत आलेल्या होत्या, म्हणून हा आकडा पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला लावू नये. पण २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या, पीसीओएस असलेल्या सुमारे ७७ हजार बायका, आणि त्यांच्यात अॅप्नियाचं निदान होण्याचं प्रमाण इतर बायकांच्या दुपटीहून थोडं जास्त होतं, आणि वजन नॉर्मल असलेल्यांमध्येही धोका वाढलेलाच होता.

का होतं असं? एक कारण अर्थातच पोटाभोवतीची आणि मानेभोवतीची चरबी. पण दुसरं कारण मला जास्त डोळे उघडणारं वाटलं. बीज बाहेर पडलं की मागे उरलेल्या पिशवीतून प्रोजेस्टेरॉन तयार होतं. ते पाळीचं हार्मोन म्हणून माहीत आहे, पण ते श्वासालाही चालना देतं आणि घशाची वाट उघडी धरणाऱ्या स्नायूंनाही मदत करतं. बीजच बाहेर पडत नसेल तर महिन्यातून जे पंधरा दिवस हे संरक्षण मिळायचं ते मिळतच नाही. वरून टेस्टोस्टेरॉन जास्त, आणि ते श्वासाच्या बाबतीत उलट्या बाजूला ढकलतं. म्हणजे पाळी लांबणं आणि घोरणं यांचा संबंध लांबूनचा नाही.

आता हे चक्र जोडून बघा. इन्शुलिन वाढतं, अँड्रोजन वाढतं, बीज अडतं, प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, रात्री वाट मिटते, गाढ झोप तुटते, अॅड्रेनालिन सुटतं, इन्शुलिनला शरीर अजून कमी दाद देतं, इन्शुलिन अजून वाढतं. आणि दिवसा? दिवसा तुटलेल्या झोपेमुळे भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, व्यायामाला अंगात त्राण नसतं, आणि समोरचा म्हणतो इच्छाशक्ती कमी आहे तुझी, वजन कमी कर. याचा मला मनापासून राग येतो. रात्री तासाला २१ वेळा गुदमरणाऱ्या मुलीला सकाळी उठून पळायला जा म्हणायचं आणि नाही जमलं की खापर तिच्याच डोक्यावर फोडायचं.

मग सापडत का नाही हे? एक म्हणजे बायकांमध्ये लक्षणं वेगळी दिसतात. ढगांच्या गडगडाटासारखं घोरणं असेलच असं नाही, त्याऐवजी सकाळी डोकं दुखतं, रात्री सारखी जाग येते, झोपच लागत नाही, चिडचिड, उदास वाटणं, सतत थकवा. मग कुणी त्याला टेन्शन म्हणतं, कुणी रक्त कमी आहे म्हणतं. दुसरं म्हणजे प्रश्नावल्या. भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी जी वापरतात ती स्टॉप-बँग ही प्रश्नावली २००८ मध्ये टोरांटोत तयार झाली, आठ प्रश्न, प्रत्येकी एक गुण. त्यात वय ५० च्या वर असेल तर एक गुण आणि पुरुष असेल तर एक गुण! म्हणजे तीस वर्षांच्या मुलीचे दोन गुण सुरुवातीलाच गेले, आता मान जाड नसेल, बीपी नसेल तर तिचा धोका कागदावर कमीच दिसणार. प्रश्नावली वाईट आहे असं नाही, माझी मैत्रीण तर तशाच प्रश्नांमुळे सापडली, पण पीसीओएस असेल तर गुण कमी आले म्हणून तिथेच थांबू नये असं मला ठामपणे वाटतं. २०२३ च्या गाइडलाइनमध्ये आता सांगितलंय की पीसीओएस असलेल्या प्रत्येकीला, वजन काहीही असो, घोरणं, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं, दिवसा पेंग, थकवा याबद्दल विचारा आणि गरज वाटली तर झोपेच्या तपासणीला पाठवा.

ती तपासणी अवघड नसते. बोटाला ऑक्सिजनची क्लिप, नाकाशी एक बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे, आणि पूर्ण तपासणी असेल तर डोक्यालाही वायरी. घरी करायचं छोटं मशीनही मिळतं.

उपचारात मुख्य म्हणजे सीपॅप, नाकावर मास्क आणि एका मशीनमधून दाबाने येणारी हवा जी घसा आतून फुगवून उघडा ठेवते, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हे पहिल्यांदा मांडलं. पीसीओएसमध्ये याचा काय फायदा होतो हे तासाली यांच्याच टीमने २०११ मध्ये पाहिलं, लठ्ठपणा असलेल्या तरुण बायकांना आठ आठवडे सीपॅप दिला. इन्शुलिनची परिणामकारकता सुधारली, थोडीशीच, पण सुधारली, अॅड्रेनालिनच्या जातीचे हार्मोन उतरले, दिवसाचं खालचं बीपी कमी झालं, आणि जिने रात्री जितके जास्त तास मास्क लावला तिला तितका जास्त फायदा. अभ्यास छोटा होता हे खरं, आणि सीपॅपने पाळी नियमित होते किंवा पीसीओएस बरा होतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने दोन्हीकडे फरक पडतोच, अगदी ५ ते १० टक्के उतरलं तरी. टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणा असलेल्यांच्या मध्यम ते तीव्र अॅप्नियासाठी मंजूर झालं, पण मूल हवं असेल त्या काळात ते चालत नाही, त्यामुळे परस्पर सुरू करायची गोष्ट नाही ती.

अॅप्निया नसला तरी झोपेचा विषय संपत नाही. कोलोरॅडोमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये लठ्ठपणा आणि पीसीओएस असलेल्या शाळकरी वयाच्या मुली तपासल्या तेव्हा दिसलं की सकाळी उठून शाळेची वेळ झाली तरी त्यांच्या अंगात मेलाटोनिन, म्हणजे रात्रीचा हार्मोन, उशिरापर्यंत टिकून असतो. घड्याळात सकाळ, शरीरात अजून रात्र. आणि हे जितकं जास्त तितका इन्शुलिनचा त्रास जास्त. त्यामुळे घरातली मुलगी सकाळी उठत नाही म्हणून ओरडण्याआधी रात्रीचा मोबाइल, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपणं, याकडे तिच्याशी शांतपणे बोलून बघा.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवडे झोपायची, उठायची वेळ आणि सकाळी कसं वाटलं हे लिहून न्या, शेजारी झोपणाऱ्याला विचारा, एकटी राहत असाल तर मोबाइलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करा. आणि साखरेची तपासणी नुसती उपाशीपोटी करून थांबू नका, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त घेतात ती मागा, कारण पीसीओएसमध्ये बिघाड आधी तिथे दिसतो. दोन तासांचा आकडा १४० च्या आत हवा, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय कमी आहे, बारीक आहे, म्हणून ही तपासणी टाळायची नाही, असंही गाइडलाइन सांगते.

माझ्या मैत्रिणीला मास्कची सवय व्हायला दीड महिना लागला. पहिले काही दिवस ती झोपेतच तो काढून टाकायची आणि सकाळी उशाखाली सापडायचा, नाक कोरडं पडायचं, एकदा रडलीही. मग मास्कचा साइज बदलला, मशीनला ह्युमिडिफायर जोडला आणि जमलं. पाळी अजून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीच येते, गोळ्या चालूच आहेत. पण परवा फोनवर म्हणाली, अगं, आज अलार्मच्या आधी जाग आली आणि परत झोपावंसंच वाटलं नाही, तर पाच मिनिटं मी घाबरून बसले होते की आज नक्की काय झालंय मला.